देवाचं नियमशास्त्र प्रिय, पण आजूबाजूला विरोध : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरातल्या आमच्या शास्त्रपाठाच्या गटात बायबलमधलं स्तोत्र ११९ एकेक कडवं घेऊन वाचून झालं, पण प्रश्न काही थांबले नाहीत. शब्बाथ शाळेच्या शिक्षिका, एमआयडीसीत कामाला जाणारी पोरं, सासरी एकट्याच विश्वासात असलेल्या बायका, ज्यानं त्यानं आपापल्या घरचं विचारलं. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथं एकत्र केलेत. वचनांचे आकडे दिलेत (कंसात नुसता आकडा असला की तो स्तोत्र ११९ चा) ते उघडून पाहा, नुसतं आमच्या शब्दावर जाऊ नका. जिथं मंडळ्या-मंडळ्यांत (चर्चांत) मतभेद आहेत तिथं तसं सांगितलंय, आणि आमचं मत लपवलेलं नाही.

१. स्तोत्र ११९ एवढं लांबलचक का? तेच तेच पुन्हा का येतं?

एकूण १७६ वचनं. इब्री वर्णमालेत २२ अक्षरं, प्रत्येक अक्षराला आठ वचनांचं एक कडवं, आणि त्या कडव्यातलं प्रत्येक वचन त्याच अक्षरानं सुरू होतं. पाठांतराला हे सोयीचं. मराठीत अक्षरांची ती गंमत उतरत नाही, म्हणून आपल्याला फक्त पुनरुक्ती दिसते. लिहिणाऱ्याचं नाव स्तोत्रात नाही. दावीदानं लिहिलं असं बरेच जण सांगतात, पण मथळ्यात तसं काही नाही.

एका बैठकीत वाचायला घेतलं तर कंटाळा येणारच. रोज एक कडवं घ्या, बावीस दिवसांत होतं.

२. आपण कृपेखाली आहोत ना? मग नियमशास्त्राचं काय घेऊन बसलात?

नियमशास्त्र पाळून कुणाचं तारण होत नाही, हे रोमकरांस ३:२० आणि गलतीकरांस २:१६ मध्ये स्वच्छ लिहिलंय. त्यावर वाद नाही. पण ही दोन्ही पत्रं लिहिणारा तोच प्रेषित पौल रोमकरांस ७:२२ मध्ये म्हणतो की अंतर्यामी मला देवाच्या नियमशास्त्राचा आनंद वाटतो. येशूनं ते रद्द करायला नव्हे, पूर्ण करायला आलो असं सांगितलं (मत्तय ५:१७). नव्या कराराचं वचन यिर्मया ३१:३३ मध्ये आहे, तिथंही नियमशास्त्र फेकून दिलेलं नाही, ते हृदयावर लिहिलंय.

यज्ञ, अन्नाचे शुद्धाशुद्ध नियम, सुंता यांचं ओझं आपल्यावर नाही. प्रेषितांची कृत्ये १५ वाचलं की ते कळतं. देवावर पूर्ण मनानं प्रीती आणि शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती (मत्तय २२:३७–४०) हे मात्र आहेच, आणि दहा आज्ञांमधला खोटी साक्ष, चोरी, लोभ हा भाग तर रोजच्या कामात भेटतो. या पानावर 'नियमशास्त्र' म्हणताना देवानं आपली इच्छा सांगितलेलं सगळं वचन डोळ्यांसमोर ठेवलंय.

३. नियम पाळतात हे समजतं. त्याच्यावर प्रेम कसं करायचं?

खरंच, दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलवर कुणी प्रेम करत नाही. पोलीस असला की थांबायचं, नसला की निघायचं. देवाच्या आज्ञांशी आपलं नातं कितीदा एवढंच असतं.

स्तोत्रकर्ता वेगळं बोलतो कारण नियम कुणी दिला हे तो विसरत नाही. सोन्यारुप्याच्या हजारो नाण्यांपेक्षा तुझ्या तोंडचं नियमशास्त्र मला उत्तम, असं तो म्हणतो (७२). ही तुलना आमच्या गुजरीत, सराफांच्या पेठेत, पाय ठेवलेल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. पण हे प्रेम आपल्यात मुळातच आहे असा आव तो आणत नाही. तो ते मागतो. माझे डोळे उघड (१८), माझं मन तुझ्या निर्बंधांकडे वळव, लोभाकडे नको (३६). प्रेम वाटत नसेल तर न वाटता पाळत राहा आणि मागत राहा. दुसरी युक्ती आमच्याकडे नाही.

४. स्तोत्रकर्त्याला विरोध करणारे कोण होते? मूर्तिपूजक राष्ट्रं?

बहुतेकांना असंच वाटतं, पण वचनं काढून पाहा. उन्मत्त लोक टिंगल करतात (५१). अधिपती बसून त्याच्याविरुद्ध बोलतात (२३), विनाकारण पाठीस लागतात (१६१). खोट्याचा चिखल फासतात (६९), पाश मांडतात (११०), पृथ्वीवरून जवळजवळ नाहीसाच करतात (८७). आणि १३९ मध्ये शत्रू तुझी वचनं विसरले असं तो म्हणतो. ५३ मध्ये त्यांनी नियमशास्त्र सोडलं असं आहे. विसरायला आणि सोडायला आधी ते हाती असावं लागतं. म्हणजे निदान काही विरोधक त्याच्याच लोकांतले, शास्त्र ऐकून वाढलेले होते.

म्हणून 'अविश्वासी' म्हटलं की पलीकडच्या गल्लीतला अन्य धर्माचा शेजारी एवढंच डोळ्यांसमोर आणू नका. मंडळीच्या जमिनीच्या व्यवहारात खरं बोलणाऱ्याला गप्प बसवणारे पहिल्या बाकावर बसलेले असू शकतात.

५. कामाच्या ठिकाणी माझी चेष्टा होते. याला छळ म्हणायचं का?

कशाबद्दल होते त्यावर आहे. दोन उदाहरणं सांगतो, दोन्ही आपल्याच ओळखीतली.

एक भाऊ शिरोलीच्या एका फाउंड्रीत गेटवर वजनाची नोंद ठेवतो. भंगाराची गाडी काट्यावर आली की प्रत्यक्षापेक्षा जास्त वजन लिहायचं, फरकाचे पैसे तिघांत वाटायचे, अशी पद्धत होती. यानं काट्यावर दिसेल तेवढंच लिहायला सुरुवात केली. तेव्हापासून "काय पास्टर, आज काय संदेश?" सुरू झालं, डब्याला सोबत कुणी बसेना, रात्रपाळी त्याच्याच वाट्याला येऊ लागली. हे स्तोत्र ११९ मधलं आहे.

दुसरा भाऊ खात्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहाटे वचनांची चित्रं टाकतो, स्वतः मात्र रोज उशिरा येतो आणि त्याचं अर्धं काम शेजारचा करतो. त्याचीही चेष्टा होते. प्रेषित पेत्र यावर थेट बोलतो: दुसऱ्यांच्या कामात ढवळाढवळ करणारा म्हणून कुणी दुःख भोगू नये, ख्रिस्ती म्हणून भोगलं तर लाज वाटू देऊ नये (१ पेत्र ४:१५–१६).

आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींतल्या बऱ्याचशा दुसऱ्या प्रकारच्या असतात. अपमान माझा झाला की देवाच्या वचनाचा, हे आधी तपासा. माझा झाला असेल तर तो गिळता येतो.

६. एकीकडे स्तोत्रकर्ता रडतो (१३६), दुसरीकडे त्याला दुष्टांचा वीट येतो (१५८). दोन्ही कसं जमतं? आणि आम्ही कुठलं घ्यायचं?

सगळ्यात जास्त वेळ आम्ही याच प्रश्नावर घालवला.

वचनं मऊ नाहीत. ५३ मध्ये संताप, ११३ मध्ये द्विचित्त माणसांचा द्वेष, १५८ मध्ये विश्वासघातक्यांना पाहून वीट. मधेच १३६: ते तुझं नियमशास्त्र पाळत नाहीत म्हणून माझ्या डोळ्यांतून पाण्याचे प्रवाह वाहतात. कारण मात्र दर वेळी एकच. त्यांनी मला त्रास दिला म्हणून नव्हे, त्यांनी देवाचं वचन टाकलं म्हणून. ज्याला एखादी गोष्ट प्राणापलीकडे प्रिय असते त्याला तिची विटंबना पाहून चीडही येते आणि रडूही येतं. येशू लूक १९:४१ मध्ये यरुशलेम पाहून रडला, आणि चारच वचनांनंतर मंदिरातल्या विक्रेत्यांना बाहेर काढू लागला.

आता हे तो कुणाला सांगतो ते पाहा. पहिली तीन वचनं सोडली तर जवळपास सगळं स्तोत्र देवाशी बोललेलं आहे. दुष्कर्म्यांकडे तोंड करून तो एकदाच बोलतो, ११५ मध्ये, आणि तेही एवढंच की माझ्यापासून दूर व्हा, मला माझ्या देवाच्या आज्ञा पाळायच्या आहेत. १२६ मध्ये लोकांनी नियमशास्त्र मोडलं म्हणून आता कृती करायची वेळ आली असं तो म्हणतो, पण कृती परमेश्वरानं करायची. स्वतः काय करतो? पुढच्याच वचनात, म्हणून मी तुझ्या आज्ञांवर सोन्याहून अधिक प्रीती करतो. शोमरोन्यांच्या गावावर अग्नी पाडू का असं विचारणाऱ्या याकोब आणि योहानाला येशूनं धमकावलं (लूक ९:५४–५५), हेही लक्षात असू द्या.

तेव्हा राग आला तर तो प्रार्थनेत पूर्ण ओता, शब्द चाळत बसू नका. स्टेटसला टाकू नका. आणि राग आहे पण डोळ्यांत पाणी कधीच येत नाही असं असेल, तर तो राग नियमशास्त्राच्या प्रेमातून आलाय याची आम्हाला शंका आहे.

७. देवाबद्दल वेडंवाकडं बोलतात तेव्हा उलट उत्तर द्यावं की गप्प बसावं?

विचारलं तर द्यावं, सौम्यतेनं आणि आदरानं (१ पेत्र ३:१५–१६). ४२ मध्ये निंदकाला उत्तर देण्याचा उल्लेख आहे, ४६ मध्ये राजांपुढे बोलण्याचा. दोन्हीकडे उत्तर वचनावरच्या भरवशातून येतं, वाद जिंकण्यासाठी नाही.

पण उत्तराच्या नावाखाली दुसऱ्याच्या देवाची कुचेष्टा करायची नाही. हे शहर अंबाबाईचं म्हणून ओळखलं जातं, आपले बहुतेक शेजारी तिला आई म्हणतात. पौल इफिसात होता, तेही अर्तमी देवीच्या नावानं ओळखलं जाणारं शहर. तिथं दंगल उसळली तेव्हा नगरशेठानं जमावाला काय सांगितलं ते प्रे. कृत्ये १९:३७ मध्ये आहे: या माणसांनी देवळं लुटली नाहीत की आपल्या देवीची निंदा केली नाही. पौलाचा संदेश तर त्या शहरात गाजला होता. तरी विरोधी बाजूच्या अधिकाऱ्याला भर सभेत ही साक्ष देता आली. महाद्वार रोडवरचा एखादा दुकानदार आपल्याबद्दल असं सांगू शकेल का, हे प्रत्येकानं आपल्या फोनमधले फॉरवर्ड पाहून ठरवावं.

८. खंडेनवमीला कारखान्यात मशिनची पूजा असते. साहेब म्हणतात, "हार घाल, नारळ फोड, एवढं काय बिघडतंय?" काय करू?

दरवर्षी दसऱ्याच्या आधी हा प्रश्न येतोच. पूजा आपण स्वतः करायची नाही, इथं आमचं मत पक्कं आहे. पहिली आज्ञा त्याला जागा ठेवत नाही.

नाही कसं म्हणायचं हे दानीएल पहिल्या अध्यायात शिकवतो. त्यानं ताट ढकलून दिलं नाही, अधिकाऱ्याला विनंती केली, त्याची अडचण समजून घेतली आणि दहा दिवसांचा पर्याय सुचवला. तुम्हीही ऐन आरतीच्या वेळी हात मागे घेऊ नका, आठवडाभर आधी साहेबांना एकटं गाठून सांगा. आदल्या दिवशी मशिन पुसायला, ग्रीस काढायला, खातं झाडायला सगळ्यांच्या आधी हजर राहा. पूजेच्या वेळी बाजूला शांत उभं राहायला हरकत नाही असं आम्हाला वाटतं. काही पाळक तेवढंही नको म्हणतात. अरामी सेनापती नामानाला आपल्या धन्याबरोबर रिम्मोन दैवताच्या देवळात जावं लागणार होतं, तेव्हा संदेष्टा अलीशानं त्याला शांतीनं जा म्हटलं (२ राजे ५:१८–१९). ही सवलत ताणून हार घालण्यापर्यंत नेऊ नका. प्रसादाच्या पेढ्यांचं पुढच्या प्रश्नात.

९. प्रसाद, जत्रा, गावची म्हाई (देवीच्या नावानं होणारं मटणाचं गावजेवण). खायचं की नाही?

१ करिंथ ८ आणि १० एकत्र वाचा, एकटं वाचलं की घोळ होतो. मूर्तीपुढे चाललेल्या उपासनेच्या पंगतीत सहभागी व्हायचं नाही (१०:१४–२२). पण अविश्वासी माणसानं घरी जेवायला बोलावलं आणि जायची इच्छा असेल, तर पुढे वाढलेलं चौकशी न करता खा (१०:२७). कुणी मुद्दाम सांगितलं की हे अर्पण केलेलं आहे, तर सांगणाऱ्यासाठी खाऊ नका (१०:२८).

म्हाईला मित्राच्या घरी बोलावणं असतं, तांबडा-पांढरा असतो, पाहुण्यांची रीघ लागलेली असते. बोकड कुठं कापला हे विचारत बसू नका, जेवा. देवीचं म्हणून वेगळं ताट हातात दिलं तर "मला एवढं नको, बाकी सगळं वाढा" असं म्हणता येतं. बहुतेक घरं समजून घेतात. नुकत्याच विश्वासात आलेल्या माणसाला सोबत नेलं असेल तर त्याच्या विवेकाकडे बघून आपण आवरतं घ्या. पूर्ण वर्ज्य करणारे भाऊबहीण आहेत, त्यांना कमी लेखू नका आणि त्यांनीही खाणाऱ्याला ठरवू नये.

१०. मंडळाची वर्गणी?

मूर्ती, आरती, सजावटीसाठी नाही. त्याच मंडळाच्या रक्तदान शिबिराला किंवा पूरग्रस्तांच्या मदतीला जरूर द्या, मागायच्या आधी द्या. २०१९ च्या महापुरात धर्म विचारत कुणी बोटीत घेतलं नव्हतं. नाही म्हणण्याची रीत प्रश्न ८ सारखीच.

११. मी कॉलेजात आहे. घरचे ख्रिस्ती नाहीत. बायबल वाचते म्हणून घरात रोज भांडण होतं. आईवडिलांचं ऐकू की देवाचं?

आईबापांचा मान राख ही देवाचीच आज्ञा आहे. तेव्हा नियमशास्त्र प्रिय असेल तर घरात तुझा आवाज चढता कामा नये, घरकामात टाळाटाळ नको, अभ्यासात ढिलाई नको. देवाच्या नावावर आईबापांची जबाबदारी झटकणाऱ्यांना येशूनं फार कडक शब्दांत सुनावलं (मार्क ७:९–१३). दुसऱ्या बाजूला, आईबापांवर माझ्यापेक्षा अधिक प्रीती करणारा मला योग्य नाही, असंही तोच म्हणतो (मत्तय १०:३७). मान पूर्ण द्यायचा, उपासना मात्र त्यांच्या सांगण्यावरून बदलायची नाही.

लपूनछपून काही करू नकोस. खोटं सांगून उपासनेला येणं म्हणजे एक आज्ञा मोडून दुसरी पाळणं. बाप्तिस्म्याची घाई नको. अठराच्या आतल्या मुलामुलींना घरच्यांच्या पाठीमागे बाप्तिस्मा देऊ नये असं आमचं ठाम मत आहे. स्तोत्रातलं नववं वचन तरुणांबद्दलच आहे. ते पाठ कर, पुस्तक काढून घेतलं तरी पाठ केलेलं कुणी काढून घेत नाही.

१२. पती विश्वासात नाहीत. त्यांना कसं आणायचं?

आणणं तुमच्या हातात नाही. ते सोबत राहायला तयार असतील तर सोडू नका (१ करिंथ ७:१२–१६), आणि शब्दांपेक्षा वागणं बोलू द्या (१ पेत्र ३:१–२). उशीखाली पत्रिका ठेवणं, पाळकांना अचानक घरी आणणं, हे प्रकार बंद.

नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले तेव्हा लक्ष्मीबाई किती दुखावल्या, किती काळ दूर राहिल्या, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. नंतर एकत्र आल्यावरही त्या आपलं सोवळं-ओवळं सांभाळत होत्या. त्यांचा विश्वास त्यांच्या वेळेला आला, नवऱ्याच्या धाकानं नाही.

मारहाण होत असेल तर हे उत्तर तुमच्यासाठी नाही. आधी सुरक्षित ठिकाणी जा, ११२ ला फोन करा. मार खाणं म्हणजे अधीनता असं पेत्रानं कुठंही लिहिलेलं नाही.

१३. घरातली प्रार्थनासभा बंद पाडायला लोक आले तर?

संविधानाच्या अनुच्छेद २५ नं धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि प्रसाराचा हक्क प्रत्येकाला दिलाय, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्याच्या अधीन राहून. हक्क सांगणं म्हणजे अविश्वास नव्हे. पौलानं आपलं रोमी नागरिकत्व दोनदा पुढे केलं (प्रे. कृत्ये १६:३७, २२:२५). पोलिसांना बोलवा, दारात वयानं मोठ्या माणसानं बोलावं, तरुण पोरांना आत ठेवा. धक्काबुक्कीला हात उचलू नका.

पण त्या दिवसाच्या आधीचंही पाहा. रात्री साडेदहाला स्पीकर लावून गाणी म्हणत असाल, गल्लीत गाड्या आडव्या लावत असाल, तर शेजारी तक्रार करणारच आणि तो विरोध शुभवर्तमानाला नाही. पैसे, नोकरी, औषधपाण्याचं आमिष दाखवून कुणाला विश्वासात आणणं तर पापच आहे. तसं कुणी करत असेल तर त्याला आपल्यातूनच थांबवा.

१४. नियमशास्त्र प्रिय असणाऱ्यांना फार शांती असते (१६५). मग मला झोप का येत नाही?

१६५ एकटं वाचू नका. त्याच स्तोत्रात स्तोत्रकर्त्याचा जीव धुळीला चिकटलाय (२५), खेदानं गळून गेलाय (२८), आणि तो विचारतो की माझे दिवस किती उरलेत, माझा छळ करणाऱ्यांचा न्याय कधी करणार (८४). ८३ मध्ये तो स्वतःला धुरातल्या बुधल्याची उपमा देतो. चुलीच्या धुरात टांगलेली कातडी पिशवी आक्रसते, काळी पडते, पाणी धरत नाही. आणि लगेच, तरी मी तुझे विधी विसरलो नाही. शांती म्हणजे मन हलकं वाटणं असं धरलं तर हा माणूस अर्धं स्तोत्र शांतीबाहेरच आहे. १६५ चं दुसरं अंग अडखळण्याबद्दल आहे: धुरात टांगलेला असूनही तो वाट सोडत नाही.

झोप आठवडेच्या आठवडे नसेल तर डॉक्टरांना दाखवा. प्रार्थना सोबत चालू राहू द्या.

१५. मी स्वतःच आज्ञा मोडतो. विरोधकांपुढे कोणत्या तोंडानं उभा राहू?

पाचव्या वचनात स्तोत्रकर्ता म्हणतो, माझे मार्ग स्थिर असते तर किती बरं झालं असतं. १७६ मध्ये तो चुकलेल्या मेंढराप्रमाणे भटकलाय आणि मला शोध म्हणतो. म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत हे न चुकणाऱ्याचं स्तोत्र नाहीच. सहकाऱ्यासमोर चुकलात तर त्याच्यासमोरच कबूल करा. बाकी प्रश्न २.

१६. ज्यांनी आमची सभा बंद पाडायला लोक आणले, त्यांच्याच मुलीच्या लग्नाची पत्रिका आलीय. जावं का?

जावं. वैऱ्याला भूक लागली तर खायला घाल असं रोमकरांस १२:२० सांगतं. इथं तर तेच तुम्हाला जेवायला बोलावतायत. झाल्या प्रकाराचा विषय मांडवात काढू नका, त्यांनी काढला तरी "आज नको काका, आज पोरीचं लग्न आहे" म्हणा. देवक, होम यात भाग घेऊ नका, तो तुमच्याकडून कुणी मागणारही नाही. जेवणाचं प्रश्न ९ प्रमाणे. आहेराच्या पाकिटात शुभवर्तमानाचं पत्रक घालायचा मोह होईल, घालू नका. पैसे घाला, वर घरातल्या सगळ्यांची नावं लिहा, आणि वाढायला माणसं कमी दिसली तर बादली हातात घ्या.